नेट सारखं तुटतंय? कंपनीला जाब विचारायचा तर नोंद कशी ठेवायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात मानेवाड्याला राहते आणि घरूनच अकाउंट्सचं काम करते. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमचं नेट दिवसातून दहा-बारा वेळा जायचं. कस्टमर केअरला फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, आमच्याकडून तर लाइन क्लिअर दाखवते." मी चिडायचे, भांडायचे, आणि फोन ठेवला की हातात काहीच नसायचं. उपाय काढला तो सासऱ्यांनी. ते अजनीला रेल्वेत होते. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, हे त्यांनी सगळी नोकरी रजिस्टरमध्ये लिहिलं. त्यांनी दोनशे पानी वही आणली, मॉडेमशेजारच्या खिळ्याला दोरीनं पेन बांधला आणि म्हणाले, "तू भांडू नको बेटा, तू टायमिंग लिही."

अडीच महिन्यांनी कंपनीनं खांबापासून घरापर्यंतची वायर बदलून दिली, बंद दिवसांचं भाडंही वळतं केलं. ते त्या वहीमुळे झालं. तेव्हापासून कॉलनीतले, नात्यातले लोक जे जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत.

नेट खराब आहे हे मला दिसतंच आहे. मग लिहून कशाला ठेवायचं?

कारण तुम्हाला दिसतं ते कंपनीच्या पडद्यावर दिसत नाही. पाच मिनिटं नेट गेलं, तुम्ही फोन लावला, "हिंदीसाठी दोन दाबा" करत माणूस भेटेपर्यंत सात मिनिटं गेली. तोवर नेट परत आलेलं असतं. समोरच्याला त्या क्षणी लाइन चालूच दिसते, तो खोटं बोलत नसतो. म्हणून अशी तक्रार नोंदच होत नाही, किंवा नोंद होऊन दहा मिनिटांत बंद होते.

हिशेब करून बघा. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास. ९९ टक्के वेळ नेट चालू राहिलं तरी ७ तास १२ मिनिटं बंद असू शकतं. आता दिवसातून बारा वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं नेट गेलं, तर रोज एक तास आणि महिन्याला ३० तास. कागदावर तरीही जवळपास ९६ टक्के वेळ नेट चालूच दिसतं आणि ऐकणाऱ्याला ते बरं वाटतं. पण ज्याच्या रोज बारा मीटिंगा, बारा पेमेंट किंवा पोराचा ऑनलाइन पेपर अर्ध्यात तुटतो, त्याला विचारा. म्हणून एकूण किती तास बंद होतं एवढंच लिहू नका. किती वेळा तुटलं तेही मोजा. आमच्या पत्रव्यवहारात कंपनी शेवटी नमली ती या आकड्यापुढे: ४१ दिवसांत २८६ वेळा.

वहीत नेमकं काय लिहायचं?

तारीख, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, घरात वीज होती का, मॉडेमवरचे दिवे कसे होते, पाऊस-वारा होता का, काय काम अडलं, आणि तक्रार केली असेल तर तिचा नंबर. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, वहीतल्या दोन ओळी जशाच्या तशा देते (पॉन म्हणजे मॉडेमवरचा फायबर जोडणीचा दिवा):

"१४ जुलै. रात्री ९:४१ ते ९:४६. वीज होती. पॉन हिरवा. राउटर लागतो, बाहेर लागत नाही. पाऊस नाही. सूनबाईंची मीटिंग तुटली. तक्रार ९:५३ ला, नंबरचे शेवटचे आकडे ३३०७."

"१५ जुलै. सकाळी ११:०२ ते ११:५०. वीज होती. लाल दिवा लुकलुकतो. पाऊस जोराचा. तक्रार ११:१०. १२:१५ ला 'तक्रार सोडवली' असा मेसेज. कोणी आलं नाही."

आपल्याकडे "लाइट गेली" म्हणजे वीज गेली. वहीत तसं लिहू नका. वीज म्हणजे वीज आणि दिवा म्हणजे मॉडेमचा दिवा असं वेगळं लिहा, नाहीतर चार महिन्यांनी वाचणाऱ्याला काय गेलं होतं तेच कळत नाही. अंदाजानं काही लिहू नका. "सकाळपासून स्लो" ही नोंद नाही. आणि नेट चांगलं चाललेले दिवसही लिहा: "१८ जुलै, दिवसभर ठीक." अशा ओळी वहीत असल्या की बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

दोष आपल्या वायफायचा की त्यांच्या लाइनचा, हे कसं ओळखायचं?

हे आधी ओळखल्याशिवाय तक्रार करूच नका, कारण त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि बरेचदा तो रास्त असतो.

घरापासून सुरुवात करा. आपल्या नागपूरच्या घरांत मॉडेम हटकून खिडकीपाशी असतो, कारण वायर तिथूनच आत येते. उन्हाळ्यात त्याच खिडकीत कूलर बसतो. पत्र्याची टाकी आणि आत पाणी, दोन्ही वायफायला अडवतात. माझ्या नणंदेकडे एप्रिल ते जून नेट स्लो आणि जुलैत आपोआप बरं, असं तीन वर्षं चाललं होतं. कंपनीचा त्यात काही दोष नव्हता. तसंच मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला मॉडेम तापून स्वतःच बंद-चालू होतो. त्याला मोकळ्या हवेत ठेवा.

मग लॅपटॉप वायरनं थेट मॉडेमला जोडा. तीसेक मीटरच्या आतली साधी लॅन केबल चालते. वायरनंही नेट तुटत असेल तर वायफाय निर्दोष. त्यानंतर दोन ठिकाणी पिंग (ते काय, हे पुढच्या प्रश्नात) लावून ठेवायचे: एक आपल्या राउटरला (घरात नेट वाटणारा, तो बहुधा मॉडेममध्येच असतो), एक बाहेरच्या पत्त्याला. राउटर उत्तर देतो आणि बाहेरचा देत नाही, तर दोष बहुधा तुमच्या घराबाहेरचा. राउटरच उत्तर देत नसेल तर आधी अडॅप्टर, मग केबल, मग खुद्द मॉडेम तपासा. मॉडेम कंपनीनं दिलेला असेल तर तो बदलून देणं त्यांचंच काम.

पिंग म्हणजे काय? मला कॉम्प्युटरचं काही येत नाही.

पिंग म्हणजे पलीकडे मारलेली हाक. "आहेस का?" "आहे." हाकेला उत्तर किती मिलिसेकंदांत आलं, तेवढं कॉम्प्युटर लिहून दाखवतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडायचं, इंग्रजीत पिंग लिहून राउटरचा पत्ता टाकायचा आणि शेवटी आडवी रेघ व टी द्यायचा, की थांबवेपर्यंत हाका चालू राहतात. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, मॉडेमच्या खालच्या स्टिकरवर छापलेला मिळतो. दुसऱ्या खिडकीत बाहेरचा पत्ता म्हणून गुगलचा ८.८.८.८ चालतो.

एक अडचण आहे. विंडोजचा साधा पिंग प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहीत नाही. म्हणून मोबाइलवरचं एखादं फुकट पिंग अॅप घ्या, ज्यात वेळेसह नोंद साठते आणि फाइल काढता येते. किंवा घरातल्या शिकणाऱ्या मुलाला सांगा, दहा ओळींची स्क्रिप्ट तो अर्ध्या तासात लिहून देईल. दर पाच सेकंदांनी एक हाक म्हणजे दिवसाला १७,२८० ओळी होतात. त्या सगळ्या कोणाला द्यायच्या नाहीत, फक्त जपून ठेवायच्या. द्यायची ती वही, आणि वहीतल्या एखाद्या ओळीवर शंका घेतली तर त्या वेळची फाइल काढून दाखवायची.

स्पीड टेस्ट पुरेशी नाही का?

स्पीड टेस्ट त्या एका मिनिटाचं सांगते. मधे नेट तुटलं होतं हे ती सांगत नाही. तरी करा, पण एकाच पद्धतीनं: वायर लावून, बाकी फोन-टीव्ही बंद करून, दर वेळी तोच सर्व्हर निवडून, सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री साडेनऊ. सकाळी पूर्ण वेग आणि रात्री चौथाई, असं रोजच दिसलं तर तुमच्या भागातली लाइन क्षमतेपेक्षा जास्त घरांत वाटली आहे असा संशय घ्यायला जागा आहे. ट्राय, म्हणजे दूरसंचाराचे नियम करणारी सरकारी संस्था, तिचं मायस्पीड अॅपही वापरता येतं.

दोन गोष्टींची गफलत होते. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइल उतरताना कॉम्प्युटर मेगाबाइट दाखवतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे साडेबारा मेगाबाइट दिसले तर वेग पूर्ण आहे, तिथे भांडू नका. दुसरं, २०० चा प्लॅन घेऊन जुन्या लॅपटॉपवर कायम ९४-९५ दिसत असेल, तर त्या लॅपटॉपचा किंवा मॉडेमचा लॅन पोर्टच १०० चा असतो.

जाहिरातीत "१०० एमबीपीएसपर्यंत" असं लिहिलेलं असतं आणि त्या "पर्यंत"ची ढाल पुढे केली जाते. सरकारच्या व्याख्येत २०२३ पासून किमान २ एमबीपीएस मिळाले तरी ते ब्रॉडबँड. त्यामुळे त्या व्याख्येचा तुम्हाला उपयोग नाही. तुमचा आधार म्हणजे प्लॅन घेतला त्या दिवशी काय कबूल केलं होतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट, विकायला आलेल्या मुलाचा व्हॉट्सअॅप मेसेज, पहिलं बिल, एवढं काढून ठेवा. ती पानं नंतर बदलतात.

मॉडेमवर लाल दिवा लागतो. त्याचा अर्थ काय?

फायबर म्हणजे प्रकाशानं नेट आणणारी काचेची बारीक वायर. फायबरच्या मॉडेमवर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला की प्रकाशच घरापर्यंत पोहोचत नाही. वायर तुटली, दुमडली, उंदरानं कुरतडली किंवा जोड सुटला. फोटो काढा, फोटोत भिंतीवरचं घड्याळ आलं तर उत्तम.

लाइनमन आला की त्याच्याकडे प्रकाशाचा जोर मोजणारा पॉवर मीटर असतो, तो डीबीत आकडा दाखवतो. "भाऊ, किती डीबी दाखवतो?" असं विचारा आणि मीटरचा फोटो घ्या. आकडा उणे असतो. उणे १९-२० असेल तर छान. घराघरांतल्या नेहमीच्या मॉडेमची सहनशक्ती साधारण उणे २७ ला संपते. यात दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २० वरून उणे २६ झालं तर प्रकाश चौथाई उरला. आमच्याकडे कोरड्या दिवशी उणे २३ आणि पावसात उणे २८ यायचं. खांबावरच्या जोडात पाणी जात होतं. हे दोन फोटो शेजारी ठेवल्यावर "लाइन क्लिअर दाखवते" हे उत्तर बंद झालं.

वीज गेली की नेटही जातं. मॉडेमला इन्व्हर्टर आहे तरी.

ही फार कामाची खूण आहे. घरापर्यंत अखंड फायबर असेल तर मधल्या पेटीतल्या स्प्लिटरला (एका वायरीतला प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या तुकड्याला) वीज लागत नाही, त्यामुळे तुमचा मॉडेम चालू असला तर नेट टिकायला पाहिजे. तरीही जात असेल तर वाटेत कुठेतरी वीज लागणारी पेटी आहे. बरेचदा गल्लीतल्या कोणाच्या गच्चीवर स्विच, म्हणजे नेट वाटणारी विजेवरची पेटी, असतो, तिथून पुढे घरांना लॅन केबल टाकलेली असते आणि त्या स्विचला बॅटरी नसते किंवा मेलेली असते. ती सांभाळणं प्रोव्हायडरचं काम आहे. वहीत लिहा: "वीज गेली ४:१०, मॉडेम इन्व्हर्टरवर चालू, नेट गेलं ४:१०." असं पाच-सहा वेळा जुळलं की मुद्दा सिद्ध होतो.

"रस्ता खोदला, केबल कापली गेली" असं दर वेळी सांगतात.

शहरात सिमेंट रस्त्यांची, नाल्यांची, पाइपलाइनची कामं चालूच असतात, त्यामुळे हे कारण बहुतेकदा खरंही असतं. पण ते कारण तुमच्या वहीत तारखेसह गेलं पाहिजे. कुठला रस्ता, कुठला चौक, कधी कापली, कधी जोडणार? हे मेसेजवर विचारा, तोंडी नको. मग स्वतः जाऊन बघा, फोटो काढा. एकदा आम्हाला जिथे खोदकाम सांगितलं तिथे खड्डा नव्हताच.

खोदणाऱ्यांनी आधी केबलवाल्यांना कळवावं म्हणून केंद्रानं मार्च २०२३ मध्ये "कॉल बिफोर यू डिग" हे अॅप आणलं आहे. महानगरपालिकेनं त्या रस्त्यावर त्या काळात कोणाला खोदायची परवानगी दिली होती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तेव्हा एका अर्जात एकच रस्ता धरा. खाजगी इंटरनेट कंपनीला मात्र थेट माहिती अधिकार लागू होत नाही.

पुरात किंवा वादळात नेट गेलं तर?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा लोक जीव वाचवत होते. अशा वेळचे तास मोजून कंपनीवर लादू नये असं माझं मत आहे. नोंद मात्र ठेवा. पाणी ओसरून रस्ता मोकळा झाला त्या दिवसापासून किती दिवसांनी लाइन जोडली, तेवढं विचारा.

तक्रार कशी नोंदवायची?

अॅप, ईमेल किंवा फोन, काहीही चालेल, पण तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. ट्रायच्या २०१२ च्या ग्राहक तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणं कंपनीवर बंधनकारक आहे. लाइनमनला थेट व्हॉट्सअॅप करणं सोयीचं असतं, मीही करते, पण ती तक्रार कंपनीच्या खात्यात कुठेच दिसत नाही. सहा महिने "भाऊ, बघा ना" करत काढले आणि कंपनीच्या नोंदीत एकही तक्रार नाही, असं झालेलं मी जवळून पाहिलं आहे. म्हणून आधी क्रमांक, मग भाऊला मेसेज.

तक्रार बंद करायला लाइनमन ओटीपी मागतो. काम झालं का ते स्वतः तपासा, मगच द्या. काही न करता "सोडवली" असा मेसेज आला तर त्याच तासात ईमेल करा: "तक्रार क्रमांक अमुक. कोणीही आलेलं नाही. नेट अजून बंद आहे. तक्रार पुन्हा उघडावी." एवढंच. राग ईमेलमध्ये घालू नका, तो पुढे ग्राहक आयोगासमोर वाचला जातो.

तक्रार करूनही काही झालं नाही. पुढे?

कंपनीतच अपील प्राधिकारी असतो, त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर मिळतो. तक्रार सोडवण्याची मुदत संपल्यावर ३० दिवसांच्या आत अपील करायचं. शुल्क नाही. ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अपिलाला वहीची प्रत आणि एका पानाचा गोषवारा जोडा: किती दिवस, किती वेळा, एकूण किती तास, किती तक्रारी, त्यांचे क्रमांक. तक्रारींचे क्रमांक आणि वहीतल्या ओळी एकमेकांना जुळल्या पाहिजेत. आमचं प्रकरण इथेच मिटलं.

सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंद करा. दूरसंचार विभागाकडे केंद्राच्या तक्रार पोर्टलवरूनही जाता येतं.

ट्रायकडे तक्रार केली तर?

ट्राय नियम करतं, एकेकट्या ग्राहकाचा वाद सोडवत नाही. पत्र पाठवलं तर ते कंपनीकडेच पुढे जातं.

बंद दिवसांचं भाडं परत मिळतं का?

ट्रायचे सेवेच्या गुणवत्तेचे नवे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. त्यांत वायरच्या जोडणीचा दोष तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ द्यायची तरतूद आहे. आपणहून मिळेल म्हणून बसू नका. पुढच्या बिलात वळतं झालं नसेल तर तक्रार क्रमांक देऊन मागा. पाच-पाच मिनिटांचं तुटणं या तरतुदीत बसत नाही. मला या नियमातली ही सगळ्यात मोठी उणीव वाटते. सतत तुटणाऱ्या लाइनचा माणूस पूर्ण बंद लाइनवाल्याइतकाच अडतो, पण त्याच्यासाठी साधी सोपी भरपाई नाही. त्याला ग्राहक आयोगाचाच रस्ता उरतो.

ग्राहक आयोगात जायला वकील लागतो का? खर्च किती?

वकील सक्तीचा नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, आणि घरच्या नेटचं भाडं त्याच्या जवळपासही जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय मुंबईला असो की दिल्लीला, आपला आयोग सिव्हिल लाइन्सला प्रशासकीय इमारतीत आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते.

पूर्वी कंपन्या म्हणायच्या की टेलिग्राफ कायद्यामुळे ग्राहक मंचाला अधिकार नाही. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं एका मोबाइल कंपनीच्या अपिलात तो मुद्दा निकाली काढला: दूरसंचार सेवेचा ग्राहकही ग्राहक आयोगात जाऊ शकतो. २०१९ च्या कायद्यात तर सेवेच्या व्याख्येत दूरसंचार हा शब्दच आहे.

कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि आयोगानं वाढवून दिले तर आणखी १५. त्यापुढे नाही. निकाल मात्र लांबतो, त्याची मनाची तयारी ठेवा. मागणी करताना भरलेल्या भाड्याचा परतावा, झालेला त्रास आणि तक्रारीचा खर्च हे वेगवेगळं लिहा. आकडा वहीतून निघाला पाहिजे, मनातून नाही.

दुकानाच्या किंवा ऑफिसच्या कनेक्शनसाठीही जाता येतं?

सांभाळून. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा असेल तर कायद्यानं तुम्ही ग्राहक ठरत नाही. पण स्वतःच्या कष्टावर पोट भरणारा, म्हणजे स्वयंरोजगारवाला, याला अपवाद मानला जातो. इतवारीतला एकट्यानं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारा माणूस जाऊ शकतो, तक्रारीत "उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून" हे स्पष्ट लिहावं. मिहानमधल्या मोठ्या ऑफिसांची लीज्ड लाइन, म्हणजे फक्त त्यांच्यासाठी राखलेली लाइन, असते, त्यांचा करारच वेगळा, त्यात किती टक्के वेळ नेट चालू राहील ते लिहिलेलं असतं. तो करार काढून वाचा.

स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतात का?

चालतात, पण नीट ठेवले तर. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यायची पद्धत सांगितली आहे. ग्राहक आयोग न्यायालयाइतका काटेकोर नसतो, तरी आपण तयारीत असावं. मूळ फाइलला हात लावू नका. स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर गोल काढू नका. काढायचेच असतील तर प्रतीवर काढा. मी दर रविवारी आठवड्याची फाइल आणि वहीच्या पानांचे फोटो स्वतःलाच ईमेल करायचे. त्यानं तारीख पक्की होते, आणि "हे सगळं नंतर बसून लिहिलं" असं कोणाला म्हणता येत नाही.

आमच्या सगळ्या बिल्डिंगचंच नेट जातं. एकेकट्यानं कशाला करायचं?

एकत्र करा, ताकद खूप वाढते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त एवढंच टाकायचं ठरवा: फ्लॅट नंबर, वेळ, "गेलं" किंवा "आलं". बाकी गप्पा दुसऱ्या ग्रुपवर. बेसा रोडच्या एका सोसायटीत नऊ फ्लॅटवाल्यांनी एकाच मिनिटाला "गेलं" टाकलेलं मी पाहिलंय. अशा वेळी कोणाच्या घरच्या वायफायवर ढकलणार? पण तक्रार प्रत्येकानं आपल्या नावानं, आपल्या क्रमांकानं नोंदवा. आयोगात सारख्या तक्रारीचे अनेक ग्राहक मिळून, आयोगाची परवानगी घेऊन, एकच तक्रार दाखल करू शकतात.

लाइनमन ओळखीचा आहे. असं लेखी केलं तर तो दुखावेल.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बायका विचारतात. आमचा लाइनमन भर मे महिन्यात दुपारी दोनला शिडीवर उभा राहून केसापेक्षा बारीक काच जोडत होता, घामानं हात निसटत होता. त्याच्या वाट्याला किती घरं आहेत ते तो ठरवत नाही. नवीन वायर मंजूर करणंही त्याच्या हातात नाही. आम्ही त्याला वही दाखवली. तो म्हणाला, "ताई, हेच मी वर सांगतो तर कोणी ऐकत नाही. तुम्ही लेखी द्या, मला वायर मिळेल." तक्रारीत त्याचं नाव लिहू नका, कंपनीचं लिहा. आणि आला की पाणी विचारा.

मोबाइल नेटचं काय?

तिथे सिद्ध करणं अवघड, कारण जागा बदलली की सिग्नल बदलतो. एकाच खोलीत, एकाच वेळी, मायस्पीडवर रोज टेस्ट घ्या. कंपन्यांना आता आपले कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर द्यावे लागतात. नकाशात तुमच्या घरावर फाइव्ह-जी दाखवत असेल आणि फोनवर टू-जी येत असेल, तर दोन्हीचे स्क्रीनशॉट एकत्र लावा.

त्यापेक्षा कंपनीच बदलून टाकू का?

बदला, हक्कच आहे. फक्त जुनं कनेक्शन लेखी बंद करा, मॉडेम परत केल्याची पावती घ्या, अनामत मागा. नुसतं बिल भरायचं सोडलं तर थकबाकीचे फोन सुरू होतात. आणि नव्या कंपनीची वायर त्याच गच्चीवरच्या स्विचमधून येणार नाही ना, हे आधी विचारा.

वही किती दिवस ठेवायची?

आयोगात तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, तेवढी तरी ठेवा. आमची अजून मॉडेमशेजारीच टांगलेली आहे. शेवटची नोंद गेल्या महिन्यातली, बाबांच्याच अक्षरात: "सायं. ६:२० ते ६:२३. वीज होती. वादळ. तक्रार केली नाही."